मानलेल्या मुलाचं घराणं

होटगी जंक्शनवर एक रूळ विजापूर-गदगकडे फुटतो आणि दुसरा अक्कलकोट रोड, दुधनी करत वाडीकडे जातो. या फाट्याच्या आसपासच्या गावांत सुगी आटोपली की चार-सहा वर्षांतून एखादा हेळवी दारात येतो. सोप्यात बसतो, कापडात गुंडाळलेली चोपडी सोडतो आणि घरमालकाच्या पणजोबाच्याही मागून नावं वाचत खाली येतो. मूळ गाव कुठलं, कुठल्या दुष्काळात तिथून उठले, भाऊ किती, कोण कुठं जाऊन राहिला, कुणाचा वंश बुडाला, कुणी कुणाला मांडीवर घेतलं. वाचन निम्मं कानडीत, खुलासा मराठीत. गेल्या खेपेनंतर जन्मलेल्या पोरांची नावं तो लिहून घेतो; धान्य, कपडा, एखादं भांडं, हल्ली बहुधा रोख रक्कम घेऊन पुढच्या दाराला जातो. मुली या चोपडीत सहसा नसतात. दत्तक मात्र असतो, आणि तो पोटच्या पोरांच्याच ओळीत असतो.

वंशावळीचा हा धंदा शेतकऱ्याच्या सोप्यापुरता नाही. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक व्हायचा तर भोसल्यांचं नातं उदेपूरच्या सिसोदियांशी जोडून दाखवावं लागलं आणि गागाभट्टांनी ते मान्य केलं. गंमत म्हणजे त्याच १६७४ मध्ये पॅरिसमध्ये पेर आन्सेल्म या साधूचा फ्रान्सच्या राजकुळाचा वंशेतिहास छापला गेला. त्याआधी आठ वर्षं, १६६६ पासून, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर हा उमरावांची कागदपत्रं तपासून खोटे उमराव हुडकून काढत होता. त्यामागे शुद्ध कुळाचं प्रेम फारसं नव्हतं. उमरावांना मुख्य कर माफ होता आणि खजिन्यात खडखडाट होता. कुळाची चौकशी जिथं जिथं झाली तिथं तिच्यामागे बहुधा कर, जमीन किंवा गादी यांपैकी काहीतरी होतं.

होटगीपासून तासाभराच्या आत असलेल्या अक्कलकोटच्या भोसले घराण्याकडे या नजरेनं पाहिलं, की एक अडचणीची गोष्ट समोर येते. या भोसल्यांत भोसल्यांच्या रक्ताचा थेंब नव्हता. ही कुजबुज नाही, घराण्याचाच उघड इतिहास आहे. तरीही हे घराणं अडीचशे वर्षांच्या जवळपास टिकलं, आणि ज्यांच्या नसांत शहाजी-मालोजींचं रक्त असल्याचा दावा होता ती साताऱ्याची गादी त्याच्या शंभर वर्षं आधी खालसा झाली. घराणं टिकतं ते रक्तानं नव्हे, मान्यतेनं: कुणीतरी बलवान माणूस ‘हा अमक्याचा’ म्हणतो आणि त्याच्यानंतर येणारा दुसरा बलवान ते खोडत नाही. अक्कलकोट हे त्याचं उत्तम उदाहरण, आणि त्याचं नेमकं उलटं उदाहरण फ्रान्समध्ये सापडतं.

फेब्रुवारी-मार्च १७०७ च्या सुमारास औरंगजेब मेला. त्याच्या मुलांत तख्तासाठी झुंज लागली आणि आझमशहानं माळव्यातून जाताना संभाजीराजांचा मुलगा शाहू याला सोडून दिलं. शाहू सात वर्षांचा असताना रायगडावर पकडला गेला होता. सुटला तेव्हा पंचविशीचा होता. आयुष्याची सतराहून अधिक वर्षं मोगली छावणीत गेलेली. दक्षिणेत ताराबाई स्वतःच्या मुलाच्या नावानं राज्य करत होती आणि हा आलेला इसम खरा शाहू नव्हेच, तोतया आहे, असं तिच्या बाजूनं सांगितलं जात होतं. म्हणजे ज्या माणसानं पुढं एका परक्या पोराला आपलं नाव दिलं, त्याला त्या क्षणी स्वतःचंच नाव सिद्ध करायचं होतं.

खानदेशातून खाली येताना औरंगाबाद प्रांतातल्या पारद गावी सयाजी लोखंडे नावाच्या पाटलानं त्याची वाट अडवली. चकमक झाली, पाटील मारला गेला. पाटलाची बायको आपलं लहान मूल घेऊन आली आणि तिनं ते शाहूच्या पुढ्यात घातलं. परतीच्या वाटेवरची ही पहिली फत्ते, म्हणून राणोजी लोखंड्याचा फत्तेसिंह झाला आणि आडनाव भोसले झालं. बखरींच्या पद्धतीप्रमाणे या प्रसंगाला दयाळूपणाचा मुलामा चढला आहे. शाहू स्वभावानं मऊ होता हे खरंच. पण त्या महिन्यांत त्याला एकेक पाटील, एकेक देशमुख आपल्या बाजूला वळवायचा होता. अडवणाऱ्या पाटलाच्या पोराला पोटाशी धरलं ही बातमी पुढच्या गावी सैन्याच्या आधी पोचते. त्याच वर्षी खेडला ताराबाईच्या फौजेचा मोड झाला आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूचा राज्याभिषेक झाला.

त्या पाटलीणबाईचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. घराण्याची सगळी उभारणी तिच्या एका कृतीवर आहे, आणि ती हिशेबाची कृती होती की निरुपायाची, याचा विचार करणं आपल्या हाती आहे. पती पडलेला, गाव उघडं, वतन जायच्या बेतात. मूल वाचवायचं तर ते जिंकणाऱ्याचं करून टाकणं, हा मार्ग तिनं निवडला. पुढं साताऱ्यात त्या मुलाला वाढवलं ते विरूबाईनं. ही शाहूची लग्नाची राणी नव्हे. कैदेपासूनची त्याची सोबतीण. पण वाड्याचा सगळा कारभार तिच्या हाती असे, दोन्ही राण्या तिला वचकून असत, आणि फत्तेसिंह तिचा मुलगा मानला गेला. तिची मालमत्ताही त्याच्याकडे आली. थोडक्यात, जिचं स्थान विधीनं ठरलं नव्हतं अशा बाईनं, ज्याचं दत्तकविधान झालं नव्हतं असा मुलगा वाढवला, आणि दोघांनाही दरबारानं बिनतक्रार मान दिला.

आता कूर्तने. हे फ्रान्समधलं एक गाव आणि त्यावरून ओळखलं जाणारं घराणं. अकराव्या शतकात तिथं एका बेताच्या सरदारानं गढी बांधली. नातवंडं-पतवंडं धर्मयुद्धांत पूर्वेला गेली, त्यांतला जोसलँ सध्याच्या तुर्कस्तानातल्या एदेसा प्रांताचा धनी झाला. त्याच्या मुलाच्या हातून ते शहर ११४४ मध्ये झंगीनं घेतलं आणि तो स्वतः हलबच्या कैदेत मेला. मागे फ्रान्समध्ये राहिलेल्या शाखेला मुलगी तेवढी उरली, एलिझाबेथ. तिच्याशी लग्न केलं फ्रान्सचा राजा सहावा लुई याच्या धाकट्या मुलानं, पिएरनं. राजपुत्र होता, पण धाकटा. वाट्याला फारसं काही नव्हतं. बायकोची जहागीर घेतली तसं तिचं नाव घेतलं, तिचं निशाण घेतलं. आपल्याकडच्या घरजावयाला लोक हसतात. इथं फ्रान्सच्या राजाचा मुलगा घरजावई झाला होता.

सुरुवातीला बिघडलं काही नाही. त्याचा मुलगा दुसरा पिएर १२१७ मध्ये रोममध्ये चक्क कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट म्हणून अभिषिक्त झाला. राजधानी त्यानं डोळ्यांनी पाहिली नाही. वाटेतच पकडला गेला आणि कैदेत संपला. त्याचा धाकटा मुलगा बाल्डविन हा त्या तख्तावरचा शेवटचा लॅटिन सम्राट. खजिना इतका रिकामा की येशूच्या मस्तकावरचा म्हणून पूजला जाणारा काटेरी मुकुट व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडला, तो फ्रान्सच्या नवव्या लुईनं सोडवून नेला. पुढं बाल्डविननं पोटचा मुलगाही कर्जापोटी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे ओलीस ठेवला. १२६१ मध्ये शहर गेलं.

खरी शोकांतिका मात्र यानंतरची, आणि ती लढायांची नाही, अर्जांची आहे. घराण्याच्या धाकट्या पात्या फ्रान्समध्ये राहिल्या. जमिनी वाटण्यांत आणि कर्जांत गेल्या. राजाचे वंशज लहानसहान जमीनदार झाले. १५८९ मध्ये बूर्बों घराण्याचा चौथा आंरी राजा झाला. तो नवव्या लुईच्या धाकट्या मुलाच्या वंशातला, म्हणजे तोही लांबचाच भाऊबंद. कूर्तनेवाल्यांना वाटलं, हा लांबचा चालतो, तर आपण का नाही? आपणही सहाव्या लुईपासून बापाकडून मुलाकडे अखंड आलेले. सतराव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी राजाकडे अर्ज सुरू केले: आम्हाला राजरक्ताचे म्हणून मान्यता द्या. तेराव्या लुईकडे अर्ज, चौदाव्याकडे अर्ज. १६६१ मध्ये द्यू बूशे नावाच्या विद्वानानं त्यांचा भलाथोरला वंशेतिहास छापला. पुरावा बिनतोड होता. उत्तर आलं नाही. १७३० मध्ये घराण्यातल्या एकानं गोळी झाडून घेतली, १७३३ मध्ये शेवटचा पुरुष, एक धर्मगुरू, वारला. उरलेल्या मुलीनं स्वतःला फ्रान्सच्या राजरक्ताची म्हणवलं, तर १७३७ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेनं ते शब्द खोडायला लावले. एडवर्ड गिबननं रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या आपल्या ग्रंथात मूळ कथा थांबवून या घराण्यावर लांबलचक विषयांतर केलं, ते उगाच नाही.

रक्त होतं, कागद होते. मान्यता नव्हती. राजाला त्यांची गरज नव्हती, आणि बूर्बोंच्या वारसाक्रमात आणखी एक रांग उभी करणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

याच घराण्याची म्हणवणारी इंग्लंडमधली शाखा मात्र डेव्हनची उमराव म्हणून आजही पॉवडरमच्या किल्ल्यात आहे, तीही एका कागदी योगायोगानं. १५५३ च्या सनदेत किताब पुरुष वारसांना दिला होता, पण ‘औरस’ या अर्थाची नेहमीची अट लिहायची राहिली होती. तीनच वर्षांत मूळ धनी निपुत्रिक मेला. १८३१ मध्ये लांबच्या भाऊबंदानं ती सनद वरिष्ठ सभागृहापुढं ठेवली आणि जवळजवळ पावणेतीनशे वर्षं निजलेला किताब जागा झाला. कारकुनाच्या हातून सुटलेल्या शब्दांनी जे केलं ते एका घराण्याच्या तीन पिढ्यांच्या अर्जांना जमलं नाही.

कूर्तने घराण्याचा शेवटचा पुरुष वारला त्याच १७३३ साली फत्तेसिंह भोसले बाजीरावाबरोबर जंजिऱ्याच्या सिद्दीवर चाल करून गेला होता. त्याच्या कारकिर्दीचं मोजमाप करताना जपून बोलावं लागतं. १७२५ ते १७२७ मधल्या चित्रदुर्ग आणि श्रीरंगपट्टणच्या स्वाऱ्या त्याच्या नावानं झाल्या. सोबत बाजीराव होता, म्हणजे खरी मसलत कुणाची असेल ते सांगायला नको. १७४० ची कर्नाटकची स्वारी त्याची आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांची. मे महिन्यात दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्तअली मारला गेला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि दोस्तअलीचा जावई चंदासाहेब मराठ्यांच्या कैदेत आला. नवाबाच्या घरच्या बायकामुलांनी फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आसरा घेतला. रघूजीनं त्यांची आणि खंडणीची मागणी केली, तेव्हा गव्हर्नर द्यूमा यानं नकार दिला. रघूजीकडे फ्रेंच मद्याच्या बाटल्या गेल्या आणि त्यामुळं त्याच्या घरच्यांचं मन वळलं, असंही फ्रेंच इतिहासकार रंगवून सांगतात. ते त्यांच्या मद्यप्रेमाला शोभतं, एवढंच. पारदच्या पाटलाच्या मुलाची स्वारी आणि फ्रेंचांचा गव्हर्नर असे समोरासमोर आले होते, आणि त्या दोघांत कुळाची पडताळणी कुणी मागितली नाही. फौज किती, तोफा किती, हे मात्र दोघांनी मोजलं.

पण मान्यतेलाही तळ असतो. तो १७४९ मध्ये लागला. शाहूला मुलगा नव्हता. फत्तेसिंहाला तो आयुष्यभर मुलगा म्हणत आला होता, आडनाव आणि अक्कलकोटची जहागीर देऊन बसला होता, फौजेचं आधिपत्य देत होता. गादीचा प्रश्न आला तेव्हा हे सगळं बाजूला राहिलं आणि ताराबाईनं लपवून वाढवलेला म्हणून सांगितलेला तिचा नातू रामराजा याला आणायचं ठरलं. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारला. रामराजा गादीवर बसला. आणि वर्षाच्या आत, नोव्हेंबर १७५० मध्ये, त्याच ताराबाईनं त्याला कैद करून जाहीर केलं की हा आपला नातू नव्हेच. रक्त हवं म्हणून मानलेला मुलगा डावलला, आणि आणलेलं रक्तही साक्षीदारानंच नाकारलं.

त्याच्या आदल्या दोन-तीन महिन्यांत या सगळ्या वादाचा अर्थ संपवणारी गोष्ट सोलापूर जिल्ह्यातच घडून गेली होती. सांगोल्याला यमाजी शिवदेवानं बंड केलं, सदाशिवरावभाऊ ते मोडायला गेले आणि तिथंच रामराजानं राज्याचा सारा अखत्यार पेशव्याच्या हवाली करणारा करार मान्य केला. साताऱ्याचा राजा खरा की खोटा, या प्रश्नाला पुण्यात आता फारसं महत्त्व उरलं नाही. फत्तेसिंह या धुमश्चक्रीत कुठंच पुढं दिसत नाही. त्याचे हितचिंतक याला निष्ठा म्हणतील. तो भेकड होता असं म्हणायला आधार नाही. पण गादीवर हक्क सांगितला असता तर जहागीरही गेली असती, एवढं कळण्याइतका तो दरबारात मुरलेला होता. अक्कलकोट टिकलं त्याचं पहिलं कारण हे मागं राहणं. १७६० मध्ये तो वारला. त्यालाही मुलगा नव्हता. आपल्या सख्ख्या भावाचा, म्हणजे लोखंड्यांचाच मुलगा त्यानं दत्तक घेतला होता, तो पहिला शहाजी म्हणून गादीवर आला. जन्मानं लोखंडे, दत्तकानं भोसले, नाव शिवाजीमहाराजांच्या वडिलांचं. हेळवी ही ओळ कशी वाचत असेल, हे ऐकण्यासारखं असणार.

पुढच्या पिढ्यांची नावं आलटूनपालटून शहाजी, फत्तेसिंह, मालोजी अशी चालतात. त्यात बारकाईनं पाहण्यासारखं फार नाही. भावाभावांत वाद, एकाला खटावकडचं गाव देऊन तोड, पुणे दरबारी खेटे, हे सगळ्या जहागीरदारांच्या घरचंच.

पाहण्यासारखं आहे ते १८१८ नंतरचं. पेशवाई बुडाली, इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्यात बसवलं आणि अक्कलकोट, औंध, भोर, जत, फलटण या जहागिरी त्यांच्या हाताखाली दिल्या; पण प्रत्येकाशी १८२० मध्ये वेगळे करार करून जहागिरीची हमी कंपनीनं स्वतःकडे ठेवली. वरवर ही हिशेबाची बाब. तिचा अर्थ अठ्ठावीस वर्षांनी उघडा पडला. एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे अप्पासाहेब वारले. मरताना त्यांनी दत्तक घेतला होता. रेसिडेंट बार्टल फ्रिअरसुद्धा तो मान्य करावा म्हणत होता. गव्हर्नर-जनरल डलहौसीनं नाकारलं आणि सातारा खालसा झालं. युक्तिवाद असा की सार्वभौम सत्तेच्या परवानगीवाचून दत्तक पुत्राला राज्य मिळत नाही. शिवाजीमहाराजांच्या नावाची ती गादी तोवर दत्तकांवरच चालत आली होती. शाहूनंतर रामराजा तसाच आला होता. रामराजानं १७७७ मध्ये वावीकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, त्याचेच पुत्र प्रतापसिंह आणि अप्पासाहेब. त्या दोन्ही वेळा चाललेलं १८४८ ला चाललं नाही, कारण मान्यता देणारा बदलला होता.

आणि ज्याच्या मूळ पुरुषाचं दत्तकविधानही झालं नव्हतं ते अक्कलकोट? त्या वेळी गादीवर दुसरे शहाजी होते, हयात होते, त्यांना औरस मुलगा होता. हाती १८२० चा करार होता. थोरलं घर बुडालं तसे ते साताऱ्याचे मांडलिक होते ते थेट इंग्रजांचे झाले, इतकाच फरक. म्हणजे नशीबही होतंच. १८४८ मध्ये अक्कलकोटचा राजा निपुत्रिक मेला असता तर हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं. १८५७ च्या आगीनंतर इंग्रज शहाणे झाले, १८६२ मध्ये कॅनिंगनं कितीतरी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि रक्ताचा बाऊ सरकारदप्तरी संपला. म्हणूनच १८९६ मध्ये तिसरे शहाजी वारल्यावर दत्तकाला हरकत आली नाही. तो मुलगा तिसरा फत्तेसिंह. राजवाड्यातलं शस्त्रागार आज त्याच नावानं ओळखलं जातं. भाले, तलवारी, बंदुका, कट्यारी यांचा तो संग्रह महाराष्ट्रातल्या मोठ्या खाजगी संग्रहांत मोजला जातो.

इथं एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो साधा नाही. मान्यतेवर टिकलेलं घराणं म्हणजे प्रत्येक नव्या धन्यापुढं वाकलेलं घराणं, असं कुणी म्हटलं तर? छत्रपती, पेशवे, पुन्हा छत्रपती, मग कंपनी, मग राणी. अक्कलकोटला धरून ठेवण्यासारखं स्वतःचं मत कधी दिसत नाही. घोडदळ पाठवायचं होतं ते पाठवलं. १८६८ मध्ये घोडदळाऐवजी वर्षाला सुमारे साडेचौदा हजार रुपये भरायचे ठरले, ते भरले. आक्षेप खरा आहे. किंमत मात्र राजवाड्यानं मोजली नाही. १८३० च्या सुमारास वतनांना हात लागला तेव्हा बोरगावच्या शंकरराव सरदेशमुखांच्या मागं मुलूख उठला आणि सोलापूरची इंग्रजी फौज आणून तो बसवावा लागला. दुसरे मालोजी यांचा कारभार इतका बिघडला की इंग्रजांनीच त्यांच्या हातून काढून घेतला. पुढं मुलगा अज्ञान म्हणून १८९१ पर्यंत संस्थान सरकारी देखरेखीखाली होतं. १९०१ च्या खानेसुमारीत ४९८ चौरस मैलांत ८२,०४७ माणसं. बहुतेक कोरडवाहू, ज्वारी आणि तूर, पावसाचा भरवसा नाही. बोरी नदीच्या काठच्या त्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं गादीवर भोसले की लोखंडे याला काडीची किंमत नव्हती. घराणं टिकण्यात त्याचा काय फायदा झाला, हा प्रश्न आपल्याकडच्या संस्थानी इतिहासांत क्वचितच विचारला जातो. त्या इतिहासांतले बरेचसे दरबारी खर्चानं छापलेले असतात.

तरी आक्षेप पुरा पटत नाही. कूर्तनेवाले ताठ राहिले असंही नाही. तेही वाकायला तयारच होते, शतकभर अर्ज करत होते. फरक एवढाच की अक्कलकोट ज्याच्या त्याच्या उपयोगाचं ठरत गेलं. निजामाच्या सरहद्दीला लागून, कानडी मुलखाच्या तोंडावर, फार मोठं नाही आणि अगदी क्षुल्लकही नाही. शाहूला तिथं आपला माणूस हवा होता, पेशव्यांना शांतता, इंग्रजांना वेळेवर पैसा आणि सरहद्दीवर गडबड न करणारा जहागीरदार. त्या त्या वेळी ते मिळत गेलं.

त्याच सरहद्दीनं घराण्यापेक्षा लांबचं आयुष्य काढलं आहे. ८ मार्च १९४८ ला दख्खनच्या संस्थानांबरोबर अक्कलकोट मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे सातारा खालसा ठरल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. १९७१ मध्ये तनखेही गेले. पण शाहूनं कानडी बोलणाऱ्या गावांवर मराठी दरबार बसवला होता, त्याचा हिशेब १९६७ च्या महाजन आयोगापुढं निघाला. आयोगानं अक्कलकोट तालुका आणि जत व दक्षिण सोलापूर तालुक्यांचा काही भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा अशी शिफारस केली. होटगी दक्षिण सोलापुरात. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला; २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट-सोलापूरवरचा तो हक्क पुन्हा बोलून दाखवला. घरात कानडी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या होटगीकराला तू कुणाचा, असं राज्यं विचारतात, तेव्हा तीही वंशावळच मागत असतात. फक्त या वेळी बापाच्या नावाऐवजी भाषेच्या टक्केवारीची.

अक्कलकोटचं नाव आज ज्यांच्यामुळं घराघरांत आहे त्यांनी या मागणीला कधी दाद दिली नाही. स्वामी समर्थ १८५६-५७ च्या सुमारास गावात आले, चोळप्पाच्या घरी राहिले आणि १८७८ पर्यंत तिथंच होते. आईबाप कोण, जन्मगाव कुठलं, जात कुठली, याची चरित्रकारांनी केलेली शोधाशोध एकमेकींशी जुळत नाही, आणि विचारणाऱ्यांना स्वामींनी दिलेली म्हणून सांगितली जाणारी उत्तरं तर विचारणाऱ्याची फिरकी घेणारीच आहेत. ज्यांना इंग्रजांनी कारभारातून दूर केलं ते मालोजीराजे त्यांचे भक्त होते. चरित्रकथांत ते हत्तीवरून दर्शनाला येतात आणि स्वामींचा मार खाऊन पायी यायला शिकतात. अडीचशे वर्षांच्या जवळपास सनदा, करार आणि दत्तकपत्रं सांभाळून राजवाड्यानं जी मान्यता टिकवली ती कागदांबरोबर १९४८ मध्ये संपली. वंशावळ नसलेल्या माणसाच्या नावावर मात्र त्या गावात १९८८ पासून अन्नछत्र चालतं, गुरुवारी आणि सुट्टीला सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते, आणि गावातली बहुतेक दुकानं, लॉज, रिक्षा त्या गर्दीवर जगतात. शस्त्रागार पाहायला त्यातले थोडे जातात. तिथंही त्यांच्यातले बरेचजण आधी विचारतात ते हेच, की स्वामींच्या वेळचे राजे ते कोणते.